वहिनीचा जबाब

सुई हातातून निसटली आणि फरशीवर पडून घरंगळत विजयाबाईंच्या पायाशी गेली…

रोज सकाळी सासूबाईंना इन्सुलिन टोचणं हे गेली चार वर्षं गरिमाचंच काम. पण आज पाच पाच वेळा सिरिंजवरचा आकडा वाचूनही तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना!

"नर्सिंग कॉलेजात पोरींना शिकवतेस," विजयाबाई कडाडल्या, "आणि घरच्या म्हातारीला सुई द्यायची तर हात कापतो? सरळ सांग ना, मी जड झालेय म्हणून! राहू दे. गल्लीतल्या कंपाउंडरकडून टोचून घेईन मी."

गरिमानं वाकून सुई उचलली. दारात उभी असलेली अंतरा, विजयाबाईंची धाकटी लेक, तिच्याकडे भेदरून पाहत होती… आणि गरिमानं नजरेनंच तिला दटावलं, 'एक शब्दही नाही!'

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. चाळीस विद्यार्थिनी, दोन मजल्यांवर दोन वॉर्ड, आणि शिकवायला एकटी गरिमा. ती वर असताना खाली तिसऱ्या वर्षाला असलेल्या अंतरानं डॉक्टरांचं घाईतलं अक्षर चुकीचं वाचलं. एका म्हाताऱ्या पेशंटला इन्सुलिनचे चार युनिटऐवजी चाळीस युनिट टोचले! ती म्हातारी घामानं भिजून निपचित पडली… ग्लुकोज चढवलं म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी गरिमानं कॉलेजला जबाब लिहून दिला, 'डोस मी भरला होता.' आणि हुंदके देणाऱ्या नणंदेला सीमेवर असलेल्या तिच्या दादाची शपथ घातली.

तेव्हापासून फोन वाजला की तिच्या काळजात धस्स व्हायचं. वर्गात सिरिंज हातात घेतली की समोरच्या चाळीस चेहऱ्यांत तिला त्या म्हातारीचाच चेहरा दिसायचा. रजा मागितली तर कॉलेजच्या ऑफिसातून उत्तर मिळालं, "मॅडम, इन्स्पेक्शन सर पर है, छुट्टी नहीं मिलेगी."

आणि आता फोन पुन्हा वाजला. अकराला चौकशी. नोंदणीचं प्रमाणपत्र बरोबर आणायचं.

गरिमानं न्हाणीघराची कडी लावली, नळ सोडला आणि भिंतीला टेकून ती खाली बसली. श्वास आत जाईना… 'माझ्या हातून कोणीतरी मरणार! आज नाही तर उद्या, पण मरणार!'

"वहिनी! दार उघड! वहिनी, प्लीज!" अंतरा दार बडवत होती. आतून उत्तर येईना, तशी ती आईकडे वळली आणि मटकन खालीच बसली. "आई, वहिनीनं काही नाही केलं… गलती मेरी थी! तो डोस मी दिला. ती माझ्यासाठी खोटं बोलली!"

विजयाबाई दिङ्मूढ झाल्या. सगळं ऐकून घेतलं, मग दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "गरिमा, बाळा, कडी काढ. मी रागावले नाही गं."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. सुनेचा पांढराफटक चेहरा त्यांनी पदरानं पुसला. "वेडे, चूक माझ्या पोरीची, आणि जाळून कुणाला घेतलंस?"

"तिचं सगळं आयुष्य पुढं पडलंय, आईसाहेब… शिवाय वॉर्ड माझा होता. मी तिथं असायला हवं होतं."

"दोन जागी एक बाई कशी असेल?" विजयाबाई उसळून म्हणाल्या. "हे आज त्यांनाच विचारते!"

तिघींची ऑटो पडावचा चौक ओलांडून कॉलेजपाशी थांबली. कबुली द्यायला अंतरा एकटीच चौकशीच्या खोलीत गेली. विजयाबाई मागोमाग दारापर्यंत गेल्या, तिथूनच त्यांनी दोन जागी एका बाईचा तो प्रश्न खणखणीत विचारला, आणि परत येऊन बाकावर सुनेजवळ बसल्या.

तासाभरानं निकाल कळला. अंतराला सहा महिन्यांचं वॉर्डचं काम पुन्हा करावं लागणार होतं. खोट्या जबाबाबद्दल गरिमाला लेखी ताकीद मिळाली, नोंदणी मात्र शाबूत राहिली. तिला दोन महिन्यांची वैद्यकीय रजा मिळाली, आणि दोन वॉर्डांसाठी आणखी एक शिक्षिका देण्याचं कबूल झालं.

"उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर," विजयाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणायचं ते म्हणोत!"

गरिमानं मान हलवली. नोकरी वाचली होती, घर आपलं झालं होतं… तरी छातीतली धडधड तशीच होती. चार वर्षांत कधी न उच्चारलेलं वाक्य अखेर तिच्या ओठांवर आलं.

"आईसाहेब… मला फार भीती वाटते."

विजयाबाईंनी 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. नुसतं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "पण आता एकटीला नको."