पूर्ववत

दुपारच्या कॉफीची वेळ होती, तरी खिडकीबाहेर मिट्ट काळोख. दूर उत्तरेकडच्या या फिनमार्कच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सूर्य तोंडच दाखवत नाही. मासळी उतरवून घेणाऱ्या केंद्राच्या वरच्या खोलीत टोर्गुन सर्व्हरसाठी आलेली नवी प्रणाली तपासत बसली होती. खऱ्या यंत्रावर चढवण्याआधी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या लटक्या संगणकात चालवून बघायची. काही बदलण्याआधी त्या क्षणाची नक्कल जपायची, आणि बिनसलं की 'पूर्ववत' दाबून यंत्र तिथवर मागे न्यायचं. मग झालेलं काही झालेलंच नसतं. आठवडाभर तिचं हेच चाललं होतं.

पूर्वी हे काम ती आणि तिचा नवरा आस्ले मिळून करत. ऑक्टोबरात तो होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. पुरायला देह नाही, की शेवटचा शब्द नाही. लोक तिच्यासमोर त्याचं नाव टाळत, आणि त्यानेच तिला जास्त एकटं वाटे.

केंद्रातला ओड्वार दारातून डोकावला.

"अगं, त्या खोक्याशी संसार थाटलास की काय? चल खाली. कॉफीचं डांबर झालंय."

"एवढं उरकते नि येते."

"रोजचंच आहे तुझं हे." तो घुटमळला. "फार एकटी बसू नकोस गं."

जिन्यावरची त्याची पावलं विरली. टोर्गुनने ते लटकं यंत्र चालू केलं. इंटरनेटशी त्याची जोडणी तोडलेली होती, बाहेरून कुणी आत येणं शक्य नव्हतं. आत असलेल्यांच्या यादीत फक्त तिचं नाव हवं. सवयीने तिने यंत्राला आत कोण कोण आहे ते विचारलं.

दोन नावं आली. दुसरं आस्लेचं.

खोलीत ओल्या लोकरीचा वास येऊ लागला.

'कोण आहे?' तिने लिहिलं.

उत्तर एकेक अक्षराने उमटलं. आस्ले दोन बोटांनी टंकायचा, तसंच अडखळत.

'किती उशीर लावलास गं बये...'

तिने लिहिलं, 'कुठे आहेस?'

'पाण्यात. पण आत्ता खडकाला हात लागलाय... जरा थांब...'

ती घाबरली. इतकी, की हाताने सवयीचं काम केलं. पूर्ववत.

पडदा कोरा झाला. पुन्हा एकच नाव, तिचं. आपण काय करून बसलो हे कळलं, तशी ती हमसून रडू लागली.

मग कोऱ्या पडद्यावर अक्षरं येऊ लागली.

'टोर्गुन, ते बटण नको ना दाबूस... दर खेपेला मी होडीतून पुन्हा पडतो.'

आठवडाभरात किती वेळा दाबलं होतं तिने! तिने झटकन दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले.

'आता नाही दाबणार,' असं लिहायचीही तिला छाती होईना. ती नुसती बघत राहिली. पडद्यावरचा बाण आपला आपण हलला, आणि हळूहळू 'पूर्ववत'कडे सरकू लागला.