न नेसलेले लुगडे

"माहेरचं लुगडं आलं का?"

शेजारच्या लताबाईने तिसऱ्यांदा विचारले आणि अंगणात बसलेल्या माणसांनी तिसऱ्यांदा माना खाली घातल्या. हिलाल ओट्याच्या खांबाला टेकून बसला होता. पहाटे धुरपदा म्हशीचे दूध काढून घरात आली, "अहो, धरा मले जरा," म्हणाली, आणि त्याने धरले तेव्हा ती गेलेली होती... सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि निरोपाला एवढेच चार शब्द!

आता ती अंगणात निजली होती. हळद लावून झाली होती, हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. राहिले होते ते लुगडे. सवाष्ण गेली की तिला माहेरचे लुगडे नेसवूनच न्यायचे, ही नशिराबादची रीत. तिच्या माहेरचे एकच माणूस उरले होते, धाकटा भाऊ सुपडू. तो धुळ्याला होता, आणि सेहेचाळीस सालच्या दिवाळीपासून एकेचाळीस वर्षे तो बहिणीशी बोललेला नव्हता.

"मी फोन केला नाना," पुतण्या लीलाधर म्हणाला. "त्यांच्या गल्लीतल्या दुकानात निरोप ठेवला. येतील ते."

हिलालच्या थोरल्या भावाचा हा मुलगा. जन्मताच आई गेली, पुढे बापही गेला, आणि धुरपदेने त्याला पोटच्यासारखा वाढवला. तो तिला मायच म्हणायचा.

ऊन डोक्यावर आले तेव्हा हायवेवर धुळे-भुसावळ एसटी थांबली. सुपडू उतरला. साठी ओलांडलेला, पण अजून पलटणीतल्यासारखा ताठ. तो अंगणात येऊन उभा राहिला, आणि सगळ्यांची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली. हात रिकामे होते!

"बयनीच्या मयताले हात हालवत आला का रे भाऊ?" लताबाईला राहवले नाही. "धुळ्याले कापडाची दुकानं जळाली का सारी?"

"एक लुगडं दिन्हं व्हतं मी तिले, लढाईवर जाताना," सुपडू म्हणाला. त्याची मान खाली झाली नाही. "तिनी इकी टाकं. आते दुसरं कसाले?"

विकले! एकेचाळीस वर्षांनंतरही तोच आरोप. हिलाल बोलणार होता, पण समोर लीलाधर उभा होता, आणि धुरपदेने घातलेली शपथ त्या लीलाधरचीच होती. तिला तसेच उचलावे का? माहेरच्या कापडाशिवाय, भावाचा असा बोल अंगावर घेऊन...

त्याला तिचे सगळे आयुष्य एकदम आठवले. ती सात-आठ वर्षांची असताना कापसाचा भाव बसला, धुळ्याचे सरकी काढायचे जिन बंद पडले आणि जिनात गठाणी बांधणारा तिचा बाप घरी बसला. ही मंदी कुठल्या देशातून आली, कुणी आणली, हे त्या घरात कुणाला कधी कळले नाही. कळले ते एवढेच की भाकरी एक आणि तोंडे चार. धुरपदा आपला वाटा सुपडूच्या ताटात सारायची आणि "माझं पोट दुखतं" म्हणायची. पुढे लढाई लागली. सुपडूला कुठे काम मिळेना, म्हणून अठराव्या वर्षी तो पलटणीत भरती झाला आणि पहिल्या पगारातून बहिणीला हिरवे लुगडे देऊन गेला. "अक्का, परत आलो की हे नेसून ओवाळ मला."

तिने त्याची घडीसुद्धा मोडली नाही. चव्वेचाळीस साली कापड रेशनवर गेले, मिलांतले ठाण पलटणीला जाऊ लागले. धुरपदा आणि थोरली जाऊ मंदाबाई, दोघींत बाहेर पडण्याजोगे एकच लुगडे राहिले. एक विहिरीवर गेली की दुसरी दार लावून आत बसायची. "अवं, पेटीतलं नेस ना!" मंदाबाई हसायची. "भाऊ येऊ दे आधी," धुरपदा म्हणायची.

त्याच साली लीलाधरला जन्म देऊन मंदाबाई गेली. दोंडाईच्याहून तिचे वडील पितांबरबाबा आले. चार गावे हिंडूनही त्यांना वीतभर नवे कापड मिळाले नव्हते. म्हातारा गोठ्यामागे लपून डोक्याचे पागोटे सोडत होता, लेकीच्या अंगावर तेच घालावे म्हणून! धुरपदेने ते पाहिले. ती घरात गेली, पेटी उघडली आणि हिरवे लुगडे आणून त्यांच्या हातात दिले.

"बाबा, हे तुम्ही दोंडाईच्याहून आणलंय. मी तुम्हाले काही दिलं नाही."

हे पाहणारा हिलाल एकटाच होता. तिने तान्ह्या लीलाधरच्या डोक्यावर त्याचा हात ठेवला होता. "याच्या मायचं माहेर रिकाम्या हातानं आलं होतं, हे याले कधी कळू देऊ नका."

दोन वर्षांनी सुपडू परत आला. भाऊबीजेला ती जुनेर नेसून ओवाळायला आली. "मी दिलेलं लुगडं कुठे आहे?" त्याने विचारले. ती निरांजन लावू लागली. त्या दिवसांत लुगडी चोरून दामदुपटीने विकली जात होती. सुपडूने जे समजायचे ते समजून घेतले आणि पाटावरून उठून गेला.

"लीलाधर," हिलाल उठून उभा राहिला. "तुझ्या मायनं मले तुझी शपथ घातली होती. ती मी आज मोडतो. तू बी ऐक."

आणि त्याने सगळे सांगितले. लीलाधर मटकन खाली बसला आणि धुरपदेच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडू लागला. "माय... माझ्यासाठी! एवढं माझ्यासाठी वं माय!"

सुपडूचा ताठा एका क्षणात गेला. "दाजी... तुमाले बठ्ठं माहीत व्हतं?"

"होतं."

"एकेचाळीस वरीस?"

"होतं रे. शपथ होती, पण नुसती शपथ नव्हती. घराची लाज झाकली गेली, हे मले बरं वाटलं. तिनं सोसलं, मी सोसू दिलं."

सुपडूने हात उगारला. क्षणभर वाटले, तो मारणारच! पण तो हात हिलालच्या खांद्यावर पडला आणि दोघे म्हातारे एकमेकांना धरून रडले.

मग लीलाधरच्या मोटारसायकलवर बसून सुपडू हीरालालच्या कापडाच्या दुकानात गेला आणि हिरवे लुगडे घेऊन आला. बायकांनी ते नेसवले. "अक्का, मी ऊनू व," आपण आल्याचे तो तिच्या कानाशी सांगत राहिला, "ऊठ ना व अक्का, वोवाळ माले..."

तेराव्यापर्यंत सुपडू राहिला. जाताना तो हिलालच्या पाया पडला. मंदाबाईच्या माहेरी, दोंडाईच्याला, यातले काही कळवायचे नाही, असे तिघांनी ठरवले. लीलाधर त्याला एसटीत बसवून द्यायला गेला आणि हिलाल घरात एकटा उरला.

दर भाऊबीजेला धुरपदा ओवाळणीचे ताट तयार करून दारात बसायची, आणि दिवेलागण झाली की ताट आत नेऊन ठेवायची. एकेचाळीस वेळा त्याने ते पाहिले, आणि दर वेळी म्हणाला, "चल, जेवून घे." मी धुळ्याला जातो, सुपडूला सांगून येतो, एवढे त्याने तिला म्हणायला हवे होते.

ते म्हणायचे राहून गेले.