भोपळा सात तास झोपला

मेश्रामांच्या घरात सलग तीन सकाळी एकच भांडण झालं, आणि तेही एका पट्ट्याशी. आईच्या उजव्या मनगटावरचा निळा पट्टा म्हणायचा, झोप दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास. आई म्हणायची, मी तर चांगली झोपले. आईचा शब्द म्हणजे शलाकाच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. मग पट्टा खोटा म्हणावा, तर खोटं बोलून पट्ट्याला काय मिळणार होतं?

गोष्ट दोन हजार एकोणपन्नास सालच्या चंद्रपूरची आहे. शलाकाची आई वंदना मालफुगा चालवायची. मालफुगा म्हणजे हेलियम नावाचा हलका वायू भरलेला, सामान वाहून नेणारा अजस्र फुगा. त्यातून ती लसी आणि रक्ताच्या पिशव्या भामरागडच्या जंगलातल्या गावांना पोहोचवायची. शलाकाचा भाऊ बिट्टू जन्मला तेव्हापासून ती पाच महिने रजेवर होती. आता तिला परत उडायचं होतं आणि आड आला होता एक नियम. मालफुगा केंद्रानं ठरवून दिलेल्या तीन पट्ट्यांपैकी कोणताही एक रजेवरून परतणाऱ्या वैमानिकानं निवडायचा आणि चौदा दिवसांच्या झोपेची नोंद पाठवायची. सरासरी साडेसहा तासांच्या खाली गेली, तर वर्षभर जमिनीवरचं काम.

जमिनीवरचं काम म्हणजे खोकी मोजणं. आईला खोकी मोजताना पाहायची शलाकाची अजिबात तयारी नव्हती. ती बारा वर्षांची होती आणि हट्टाला पेटली की जेवायलाही विसरायची. पट्टा खोटा आहे हे सिद्ध करायचंच, असं तिनं ठरवलं आणि ती आबाजींकडे गेली.

आबाजी म्हणजे आईचे वडील. मागच्या गल्लीत राहायचे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची अख्खी नोकरी बाजारातले तराजू तपासण्यात गेली होती. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी भाजीवालीच्या काट्याकडे ते अजून संशयानं पाहायचे आणि भाजीवालीही त्यांच्याकडे तशीच पाहायची. शलाकानं सगळी तक्रार सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टा खोटा आहे, हे तू आधीच ठरवून आलीस. मग तपासून काय करून राहिली?"

शलाकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग आबाजींनी त्यांच्या खात्याची रीत सांगितली. तराजू कसा आहे हे दुकानदाराला विचारायचं नसतं आणि गिऱ्हाइकालाही नाही. ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं शिक्क्याचं माप पारड्यात ठेवायचं. तराजू तेवढंच दाखवतो का पाहायचं. झोपेच्या पट्ट्यालाही हाच न्याय. ज्याची झोप किती हे पक्कं माहीत आहे, अशा कोणाला तरी पट्टा बांधायचा.

आता असं कोण असतं, जो झोपत नाही याची शंभर टक्के खात्री आहे? शलाकाची नजर स्वयंपाकघरातल्या लाल भोपळ्यावर गेली.

नियमात बसणारे तिन्ही पट्टे केंद्राकडून तपासायला मिळाले: निळा, करडा आणि केशरी. तिघांची ॲपं बाबांच्या फोनवर घेतली. बाबा आयटीआयत शिकवायचे, त्यामुळे प्रयोग म्हटलं की त्यांनाही चेव यायचा. सकाळी अकराला भोपळ्याला तिन्ही पट्टे बांधले आणि संध्याकाळी सहाला उघडून पाहिलं. निळा म्हणाला, 'नाडी सापडत नाही, पट्टा नीट बांधा.' करडाही तेच म्हणाला. केशरी पट्ट्यानं मात्र भोपळ्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला बासष्ट दाखवले, सात तास गाढ झोप लिहिली, पाच चांदण्या दिल्या आणि वर 'शाब्बास' म्हटलं.

बाबा हसून हसून खाली बसले. आबाजी हसले नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून शलाकाला पट्ट्याचं पोट उलगडून दाखवलं.

पट्टा झोप मोजतच नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. झोप डोक्यात असते आणि पट्टा मनगटावर. त्याच्याकडे असतात दोन साक्षीदार. पहिला गतिसंवेदक (हात किती आणि कसा हलला हे टिपणारा बारीक भाग). दुसरा नाडीसंवेदक. तो कातडीवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, ठोका ओसरला की पुन्हा वाढतो. हा चढउतार मोजला की नाडी कळते. भोपळ्यात रक्त नाही, पण त्याच्या सालीवरूनही थोडा प्रकाश उलट फिरतोच आणि त्यातल्या बारीकसारीक गडबडीलाही एखादा उतावळा पट्टा ठोके समजून बसतो. मग या दोघांच्या साक्षी घेऊन ॲपमधलं गणित निकाल देतं: हात निवांत, नाडी संथ, म्हणजे माणूस झोपलेला असावा.

"असावा," आबाजी पुन्हा म्हणाले. "हा अंदाज आहे, माय. चांगला अंदाज असतो आणि वाईटही असतो. आपल्याला चांगला निवडायचा आहे."

शलाकानं मान हलवली, पण मनात वेगळंच चाललं होतं. त्या रात्री तिनं गुपचूप केशरी पट्टाही आईच्या हातात चढवला. सकाळी आकडा आला, आठ तास पाच मिनिटं. तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण आई आणि भोपळा दोघांनाही पाचच चांदण्या मिळाल्या होत्या. तरी तिनं धीर करून आबाजींना विचारलं, हाच निवडला तर? नियमात तर बसतो.

आबाजींचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाला खूश करणारा तराजू हाच सगळ्यात वाईट, असं ते म्हणाले. कमी तोलणाऱ्या तराजूवर निदान भांडण तरी होतं. मग त्यांनी तिला सूक्ष्मझोप म्हणजे काय ते सांगितलं (झोप अपुरी राहिली की मेंदू तीन-चार सेकंद परस्पर झोपून घेतो, डोळे उघडे असले तरी, आणि माणसाला ते कळतही नाही). घरात तीन सेकंद काहीच नाहीत. मालफुगा डोंगराच्या सोंडेजवळून जाताना तीन सेकंद फार असतात.

पट्टा खोटा ठरवायचा हा हट्ट शलाकानं त्या दुपारी सोडला आणि दुसरा धरला. आकडा कितीही येवो, तो खरा असला पाहिजे.

पुढची कसोटी होती जागं असून न हलण्याची. रविवारी दुपारी बाबांना उरलेले दोन पट्टे बांधून चटईवर आडवं केलं आणि रेडिओवर क्रिकेटचा सामना लावून दिला. तासभर हलायचं नाही, ही अट. बाबांनी ती पाळली, अगदी शेवटची विकेट पडली तेव्हाही. करड्या पट्ट्यानं लिहिलं, चाळीस मिनिटं झोप. निळ्यानं लिहिलं, पूर्ण वेळ जागा. करडा नाडी मोजायचा, पण झोपेचा निकाल देताना नुसत्या हालचालीवर विसंबत होता. निळ्यानं नाडीही ऐकली होती आणि शेवटच्या षटकात बाबांची नाडी काय पळत होती.

म्हणजे तिघांत शहाणा होता तो निळाच, आईला तीन तासही झोप न देणारा. शलाकाला रडू यायचं बाकी राहिलं.

मग खरं शिक्क्याचं माप आणायचं ठरलं. सरकारी दवाखान्याच्या निद्रा-प्रयोगशाळेत आई एक रात्र झोपून आली. तिथं डोक्याला संवेदक लावून मेंदूच्या विद्युत लहरी टिपतात. जागेपणी या लहरी बारीक आणि घाईच्या असतात, गाढ झोपेत मोठ्या आणि संथ. त्यामुळे तिथं अंदाजाला फारसा वाव नसतो. मेंदूलहरींनी सांगितलं, सहा तास चाळीस मिनिटं. हातातल्या निळ्या पट्ट्यानं सांगितलं, सहा तास पंचावन्न. पंधरा मिनिटांचा फरक आबाजींना चालण्यासारखा होता.

पण त्याच पट्ट्यानं घरी परतल्यावर पुन्हा तेवढीच, तीन तासांहून कमी झोप दाखवली. तराजू तोच, माणूसही तोच, मग घरात असं काय होतं?

"आमच्याकडे तक्रार आली की मी आधी तराजू नाही, टेबल पाहायचो," आबाजी म्हणाले. "टेबल डुगडुगत असलं तर चांगला काटाही वेडा होतो."

निळ्या ॲपची एक गोष्ट शलाकाला आवडायची. ते चांदण्या देत नव्हतं, पण कच्ची नोंद (गणित करण्याआधीची, क्षणाक्षणाची मूळ मोजमापं) उघडून दाखवायचं. शिवाय ती नोंद घरच्या फोनवरच ठेवायचं आणि विचारल्याशिवाय कुठे पाठवायचं नाही. शलाकानं प्रयोगशाळेतली नोंद आणि घरची नोंद शेजारी शेजारी लावली. प्रयोगशाळेतली रेघ शांत होती, मधूनच एखादा धक्का. घरच्या रेघेवर मात्र उंचवटेच उंचवटे आणि तेही तालात. दर दोन सेकंदांनी एक, हळूहळू लहान होत विरणारे, थोड्या वेळानं पुन्हा मोठे. झोपेत माणूस कूस बदलतो, पण इतक्या तालात कोण हलतं?

तिचा शाळेचा डबा तसाच राहिला, शाळाही बुडाली. दुपारी बिट्टू रडायला लागला तशी ती उठली आणि छताच्या कडीला टांगलेल्या त्याच्या झोळीला दोरीनं झोका देऊ लागली. एक झोका, दोन झोके. ती थांबली आणि घड्याळ लावून मोजू लागली. एका झोक्याला दोन सेकंद.

आई झोळीची दोरी उजव्या मनगटाला गुंडाळून झोपायची. घरातल्या सगळ्या बायांनी अशीच मुलं वाढवली होती, त्यामुळे त्यात कोणाला काही वेगळं दिसलंच नव्हतं. बिट्टूनं पाय झाडले की झोळी हलायची आणि दोरी आईचा हात ओढायची. आई झोपेतच दोरी ओढायची. हात हलला की गतिसंवेदक ओरडायचा आणि पट्टा सरकल्यानं हिरव्या प्रकाशाचीही नोंद बिघडायची. दोन्ही साक्षीदार एकाच दोरीनं फितवले होते.

शलाका धावतच आबाजींकडे गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, मग खरा आकडा किती?

पट्टा डाव्या हातात गेला. सकाळी आकडा आला, पाच तास दहा मिनिटं.

दोन तास पन्नास खोटं होतं, पण 'मी चांगली झोपले' हेही खरं नव्हतं. झोपेतून मिनिटभर जागं होऊन माणूस पुन्हा झोपला, तर सकाळी ते त्याला आठवत नाही. कच्च्या नोंदीत आई अशी सतरा वेळा उठली होती. आईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली, "म्हणून मला दुपारी भोवळल्यासारखं होतं. मला वाटलं, मी आळशी झाले."

शलाकाला फार वाईट वाटलं. एवढे दिवस ती पट्ट्याशी भांडत होती आणि आई थकत होती.

त्या दिवसापासून झोळीची दोरी घरात वाटली गेली. रात्रीचा पहिला अर्धा भाग बाबा, पहाटेचा आबाजी, आणि आईची खाट दुसऱ्या खोलीत. दूध पाजायलाच तेवढी आईला हाक. सकाळी उठल्या उठल्या आकडा पाहायची सवयही आबाजींनी मोडून काढली, कारण आकड्याच्या धास्तीनंही झोप उडते. फोन शलाकाकडे राहायचा आणि आई आठवड्यातून एकदाच विचारायची. पाच पन्नास, सहा वीस, सहा चाळीस, सहा पन्नास. आकडा चढत होता. पण पट्टा डाव्या हातात गेल्यापासूनच्या चौदा दिवसांची सरासरी आली सहा तास पाच मिनिटं. पंचवीस मिनिटं कमी.

नोंद पाठवायचा दिवस उजाडला. केंद्राच्या पानावर एकच चौकट होती: पट्टा निवडा. तुलनेसाठी केशरी पट्टाही आईनं चौदा दिवस घातला होता आणि त्याची नोंद तयार होती. आठ तास पाच मिनिटं, रोज. शलाकानं फोन आईपुढे धरला.

"तू तपासलंस ना सगळं? मग तूच सांग, कोणता?" आई म्हणाली.

"निळा," शलाका म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. मग मात्र तिला रडू कोसळलं. आईनं तिला जवळ घेतलं आणि खोकी मोजायलाही डोकं ठिकाणावर लागतं, असं म्हणून हसवायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर उराडे यांचा फोन आला. आईनं फोनचा आवाज मोठा केला. डॉक्टर उराडे सांगत होत्या की अकरा वैमानिकांच्या नोंदी आल्या आणि त्यातल्या केशरी पट्टा निवडलेल्या नऊ जणांची सरासरी अगदी तंतोतंत आठ तास पाच मिनिटं आहे. नऊ वेगवेगळी माणसं एकसारखी कशी झोपतील? त्या नऊही नोंदी त्यांनी परत पाठवल्या होत्या. चढत जाणारा, खऱ्या माणसाचा वाटेल असा आकडा फक्त दोघांचा होता.

"वंदनाताई, अजून तीन आठवड्यांची नोंद पाठवा. तोवर तुमची जागा मी कोणाला देत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा पट्टा कसा निवडला, ते मला लिहून पाठवा. आम्हाला तिन्ही पट्टे आता नव्यानं तपासायचे आहेत."

लिहून शलाकानंच पाठवलं. जो झोपत नाही त्याला बांधा. जो जागा आहे पण हलत नाही त्याला बांधा. मेंदूलहरींशी ताडून पाहा. कच्ची नोंद दाखवणारं ॲप घ्या. आणि माणूस घरी कसा झोपतो, ते आधी पाहून या. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं बातमी आणली की आता कानात घालायचं यंत्र निघतंय, ते थेट मेंदूच्या लहरी ऐकतं. शलाकानं लगेच वहीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'कसोट्या'.

तीन आठवड्यांनी सरासरी आली सहा तास बेचाळीस मिनिटं. पुढच्या गुरुवारी रक्ताच्या चाळीस पिशव्या घेऊन मालफुगा भामरागडला निघाला आणि तो आई चालवत होती.