जागृत सेवा

यंत्राने शर्वरी बर्गेच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला, क्षणभर गुरगुर केली आणि तिला अडीच वर्षांनी लहान ठरवले.

"कागदावर एक्केचाळीस, रक्तात साडेअडतीस," दवाखान्यातली परिचारिका हसून म्हणाली. "नशीब काढलंत, ताई. आम्ही मलमं चोपडून थकलो."

शर्वरीही हसली. वयमापी आता तालुक्याच्या दवाखान्यांतसुद्धा आले होते. पेशींवर काळाने सोडलेल्या बारीक खुणा मोजून ते शरीराचे खरे वय सांगत. आपले वय कमी का येते हे तिला ठाऊक होते, त्यामुळे नवल वाटले नाही. डाव्या हाताची तीन बोटे बधिर व्हायला लागली होती, ती दाखवायला ती माजी सैनिकांच्या या दवाखान्यात आली होती. पण परिचारिकेने तिचे उपचारपत्र यंत्रावर टेकवले आणि पडद्यावर लाल ओळ उमटली: 'पात्रता नाही. जागृत सेवा अपुरी.'

हा 'जागृत सेवा' शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

शर्वरी तीन महिन्यांपूर्वी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाली होती. बरोबर सतरा वर्षे. निवृत्तिवेतन आणि आयुष्यभराचे उपचार मिळायला पंधरा लागतात, म्हणजे दोन वर मोजून. त्या सतरांतले सहा हिवाळे तिने उत्तरेकडच्या हिमनदीवर, एकवीस नंबरच्या ठाण्यात काढले होते. तिथे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे हेलिकॉप्टर उडत नाही. माणशी लागणारे अन्न, रॉकेल, औषधे आधीच वर चढवून ठेवावी लागतात, आणि ती चढवतानाच माणसे जातात. म्हणून सैन्याच्या डॉक्टरांनी अस्वलाकडून एक विद्या उसनी घेतली होती. एक औषध टोचले की अंग गार पडत जाई, काळीज मिनिटाला सहा ठोक्यांवर येई आणि माणसाची भूक-तहान पाचव्या हिश्श्यावर उतरे. ठाण्यातल्या बारांपैकी नऊजणांना नोव्हेंबरात निजपेट्यांमध्ये झोपवत आणि एप्रिलमध्ये उठवत. तिघे जागे राहत. धोका दिसला की कळ दाबायची, चाळीस मिनिटांत नऊही जण बुटांत उभे. कागदोपत्री या झोपेचे नाव शीतनिद्रा होते. जवान तिला कुंभकर्णी म्हणत.

शर्वरीला भर हिवाळ्यात दोनदा असे उठवले होते. दुसऱ्या वेळी शेजारच्या ठाण्यावर हिमकडा कोसळला होता. अंगातला गारवा उतरलेला नसताना तिने फावडे हातात घेतले आणि तीन दिवस बर्फ उकरून चार माणसे जिवंत वर काढली. गावात तिला कोणी या पराक्रमाचे विचारले, की ती म्हणे, "मी कुठं काय केलं? झोपेतून उठवलं, कामाला लागले."

दवाखान्यातून ती तडक सुभेदार निकमांकडे गेली. निकम निवृत्त होऊन वीस वर्षे झाली होती आणि आसपासच्या सात गावांतल्या माजी सैनिकांचे अर्ज तेच लिहून देत. त्यांनी चष्मा चढवून सेवामापन मंडळाचा खलिता वाचला. हे मंडळ नवेच स्थापन झाले होते.

"हे बघ, बर्गे," निकम म्हणाले. "यांचं म्हणणं असं, की पेन्शन म्हणजे देशासाठी झिजलेल्या वर्षांची भरपाई. पेटीत असताना तुझं शरीर झिजलंच नाही, हे वयमापी सांगतो. म्हणून सहा हिवाळ्यांचे, मधे उठवलेले दिवस सोडून, सरासरी पाच-पाच महिने वजा. तीस महिने गेले. राहिली साडेचौदा वर्षं. सहा महिने कमी."

"मग?"

"मग काही नाही. बारा महिन्यांच्या आतली तूट माफ होते. त्याला क्षमापन म्हणतात. हा एक कागद, इथं सही. महिन्याभरात सगळं सुरळीत."

शर्वरीने कागद हातात घेतला आणि सावकाश वाचला. मग तो जसाच्या तसा निकमांपुढे ठेवला.

"साहेब, माफी कसली? मी गुन्हा केलाय?"

"अगं, सरकारी भाषा असते ती. शब्दाला काय धरून बसतेस?"

"आणि ही खालची ओळ? 'मंडळाची गणना मला मान्य आहे.' ही पण भाषाच का?"

निकमांनी चष्मा उतरवला. त्यांनाही ती ओळ टोचली होती, पण इतक्या जणांचे अर्ज अडकलेले पाहून त्यांनी तिच्याकडे काणाडोळा करायचे ठरवले होते. "हाताची बोटं जातील, पोरी," ते हलकेच म्हणाले. "उपचार आधी, मान नंतर."

"सुयश पिसाळचं काय?" शर्वरीने विचारले.

 लान्स नायक सुयश पिसाळ शर्वरीच्या पाचव्या हिवाळ्यात तिच्याच शेजारच्या पेटीत गेला होता. गार रक्तात गाठ झाली आणि ती काळजात अडकली. सेवा आठ वर्षांची. त्याच्या बायकोने, अनुजाने, वीरपत्नीच्या हक्काचे निवृत्तिवेतन आणि सासूसह दोघींचे उपचारपत्र मागितले होते. मंडळाने कळवले, की झोप ही सेवा नव्हे, म्हणून झोपेतला मृत्यू कर्तव्यावरचा मृत्यू नव्हे. तिच्यासाठी क्षमापनाचा कागदसुद्धा नव्हता.

"मी 'गणना मान्य' लिहून दिलं, की तिच्या दारात मीच धोंडा टाकला," शर्वरी म्हणाली. "सही होणार नाही, साहेब. सुनावणी मागा."

अनुजा वडूजला मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करायची. शर्वरी तिला भेटायला गेली तेव्हा ती परीक्षानळ्या धूत होती. तिने सगळे ऐकून घेतले, हात पुसले.

"ताई, पैशावाचून माझं अडलेलं नाही," ती म्हणाली. "आईंची औषधं महाग आहेत, पण भागवते मी. मला फक्त दोन शब्द पाहिजेत त्याच्या नावापुढं. 'कर्तव्यावर असताना.' गावातल्या हुतात्म्यांच्या चौथऱ्यावर त्याचं नाव घालायचं, तर ग्रामपंचायत म्हणते, तेवढं लिहून आणा."

शर्वरी आणि अनुजा, दोघींच्या अर्जांची सुनावणी पुण्यात एकत्र झाली. मंडळाचे अध्यक्ष सौम्य स्वभावाचे वयस्कर गृहस्थ होते, आणि तेच शर्वरीला जास्त अवघड वाटले. आडदांड माणसाशी भांडता येते.

"हवालदार, तुमच्या शौर्याबद्दल शंका नाही," ते म्हणाले. "ज्या दिवशी तुम्हाला उठवलं, त्या दिवसापासूनचा प्रत्येक तास आम्ही मोजला आहे. पण उरलेल्या काळात तुम्ही नेमकं काय करत होतात?"

"झोपले होते, साहेब."

"झालं तर."

"साहेब, एक विचारू? त्या पाच महिन्यांत मी रजेवर होते का?"

अध्यक्षांनी कागद चाळले. "नाही. रजेची नोंद नाही."

"असती तर घरी झोपले असते. आईच्या हातचं खाऊन." मागे बसलेल्या निकमांना हसू आवरेना. शर्वरीचा चेहरा मात्र बदलला नाही. "मग विनापरवाना गैरहजर होते?"

"तसंही नाही."

"फौजेत माणूस कामावर असतो, नाहीतर रजेवर असतो, नाहीतर पळालेला असतो. चौथं खातं मी सतरा वर्षांत पाहिलं नाही. आणि साहेब, हक्काची रजासुद्धा सेवेत धरतात. हुकमानं घेतलेली झोप तेवढी धरत नाहीत?"

अध्यक्ष बराच वेळ लिहीत राहिले. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "पण मंडळ पुराव्यावर चालतं आणि वयमापीचा पुरावा तुमच्या विरोधात आहे. दुपारी मेजर मुल्लांची साक्ष ऐकू."

मेजर नाझनीन मुल्ला सैन्याच्या वैद्यकीय दलातल्या. शीतनिद्रेवर त्यांची नऊ वर्षे गेली होती आणि साक्षीसाठी निकमांनी त्यांनाच गाठले होते. जेवणाच्या सुट्टीत त्या व्हरांड्यात आल्या. हातातला डबा तसाच बंद होता.

"आत बोलायच्या आधी तुम्हा दोघींना सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही नको म्हणालात, तर मी आत फक्त औषधाबद्दल बोलेन."

अनुजा आणि शर्वरी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"निजपेट्या झोपलेल्याच्या मेंदूची नोंद ठेवतात. प्रयोगशाळेत आम्ही ज्यांना झोपवलं, त्यांच्या मेंदूची रेघ साचलेल्या पाण्यासारखी असते. ठाण्यावरच्यांची तशी नव्हती. दर दोन तासांनी बारीक लहरी उठत होत्या, सगळ्या नऊजणांत एकदम. आम्हाला वाटलं यंत्राची खोट. दोन वर्षं शोधत बसलो. मग मी सहज पहाऱ्याचं वेळापत्रक शेजारी ठेवलं." त्यांनी डबा कठड्यावर ठेवला. "पहारेकरी बदलला, की लहरी उठायच्या. वादळाला नाही, वीज बनवणाऱ्या यंत्राच्या आवाजाला नाही. फक्त त्या पावलांना. एकदा बदली पहारेकरी वीस मिनिटं उशिरा आला, तर तो येईपर्यंत नऊच्या नऊ जणांच्या लहरी थांबल्या नाहीत. आम्ही त्यांना चाहूल-लहरी म्हणतो."

"म्हणजे झोपेत आम्ही..." शर्वरी म्हणाली.

"पहाऱ्याची बदली मोजत होतात. हवालदार, सुयश गेले त्या हिवाळ्यानंतर तुम्हाला उठवलं, तेव्हाचं पहिलं वाक्य नोंदवहीत आहे. आठवतं?"

"मी विचारलं, सुयशला कधी नेलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

 शर्वरी इतकी वर्षे धरून चालली होती, की कोणीतरी सांगितलेच असणार. पण झाकण उघडताना तिच्यावर वाकलेला जवान तिला आता लख्ख आठवला. तिचा प्रश्न ऐकून तो दचकून मागे सरला होता.

"म्हणजे त्याला कळत होतं?" अनुजाने विचारले. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"शेवटची चाळीस मिनिटं त्यांच्या लहरी अखंड होत्या," मेजर म्हणाल्या. "वेदनेच्या लहरी वेगळ्या असतात, त्या नाहीत. पण ते पूर्ण झोपेत नव्हते, हे मला शपथेवर सांगावं लागेल."

अनुजा कठड्याला टेकली. खाली अंगणात कोणीतरी गाडी मागे घेत होते. "चार वर्षं मी आईंना हेच सांगून झोपवते," ती म्हणाली. "झोपेत गेला, काही कळलं नाही त्याला. मी स्वतःला पण हेच सांगते."

"नको मांडूया मग," शर्वरी पटकन म्हणाली. "मॅडम, राहू दे. माझं रजेचं म्हणणं आहेच. हरलो तर हरलो."

अनुजाने मान हलवली, पण ती कशासाठी ते कळले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या चाळीस मिनिटांत शेजारच्या पेटीचं काय होतं?"

"हवालदारांच्या? त्यांच्याही लहरी अखंड होत्या. तेवढाच वेळ. बाकी सात जणांच्याही."

अनुजाचे डोळे भरले, पण मान ताठ झाली. तिने शर्वरीचा बधिर हात हातात घेतला.

"म्हणजे एकटा नव्हता तो," ती म्हणाली. "सगळं ठाणं जागं होतं त्याच्यासाठी. मांडा, मॅडम. सगळं मांडा. आईंना मी सांगेन."

मेजर मुल्लांनी दुपारी साक्ष दिली. नऊ रेघा पडद्यावर एकाखाली एक सरकत गेल्या आणि पहाऱ्याच्या प्रत्येक बदलीला एकदम शहारल्या. अध्यक्षांनी ते तीनदा पाहिले. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते उभे राहिले. सुनावणीत अध्यक्ष उभे राहत नसतात. मग मंडळाचे बाकीचे सदस्यही उठले, आणि निकमांनी, सत्तरीच्या गुडघ्यांना न विचारता, टाच जुळवून सलाम ठोकला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पेटीतला प्रत्येक दिवस सेवा धरावा, नियमातला 'जागृत' शब्द काढून टाकावा, आणि लान्स नायक सुयश पिसाळ यांचा मृत्यू कर्तव्यावर असताना झाला असे नोंदवावे. अनुजाने तो कागद सासूला मोठ्याने वाचून दाखवला. म्हातारीने फक्त शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला लावले. चौथऱ्यावर नाव कोरले त्या दिवशी एकवीस नंबरच्या ठाण्यावरचे सहाजण गणवेशावरची पदके लावून आले होते. कारागिराने शेवटचे अक्षर पुरे केले, तेव्हा शर्वरीचा ऊर इतका भरून आला, की तिने लोकांसमोर पहिल्यांदाच म्हटले, "आम्ही पहारा दिला. सहा हिवाळे."

ऑक्टोबरच्या अखेरीस मेजर मुल्लांचा फोन आला.

"पुढच्या आठवड्यात दीडशेजण पेट्यांत जाणार आहेत," त्या म्हणाल्या. "आजवर आम्ही सांगायचो, डोळा मिटेल आणि एप्रिल उजाडेल. आता ते खोटं आहे. काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा."

"मग जातील?"

"जातील, मॅडम. आमची माणसं आहेत ती, मागं नाही हटायची."  पाच महिन्यांचा अंधार, आणि त्यात कान लावून पडलेली नऊ माणसे, शर्वरीला पहिल्यांदाच बाहेरून दिसत होती. "पण आम्ही इतकं ऐकत होतो, आणि तिथं आमच्याशी कधी कोणी एक शब्द बोललं नाही. प्रत्येक ठाण्यावर जे तिघं जागे राहतील ना, त्यांना एवढं सांगाल का, की पेट्यांजवळून येताजाता एकेकाला नावानं हाक मारत जा?"