सहावी केबल

सगळा दोष आप्पासाहेबांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी लोक ऋषीकडे बोट दाखवतात. कॉलेज सोडलेल्या पोराकडे बोट दाखवायला कुणाच्या बापाचं काय जातं? इथे तर खुद्द बापच बोट दाखवत होता.

बाणेरच्या मागे त्यांचं शेत होतं. गाव पालिकेत गेलं, आयटीवाले आले, शेताचे प्लॉट पडले, आणि उरलेल्या तुकड्यावर आप्पासाहेबांनी बंगला ठोकला. भिंती अशा, की तोफ लावली तरी रंग उडणार नाही. साल २००९. ऋषीनं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडलं होतं. बापलेकात तह झाला तो असा: वास्तुशांतीच्या दिवशी प्रत्येक खोलीत नेट चाललं, तर रस्त्याकडचा गाळा ऋषीचा, त्यानं तिथे नेटवर्किंगचं दुकान टाकावं. नाही चाललं, तर गुमान परत कॉलेजात.

"तारा कशाला वढतो भिंतीतनं?" आप्पासाहेब म्हणाले. "मोबाइलला हाय का तार?"

"आप्पा, तुमच्या भिंतीतून शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. वायफाय कुठून जाणार?"

"मग दोन शेंड्यांचा वायफायचा डबा आण. न्हाई तर चार शेंड्यांचा."

"शेंड्या वाढवून अक्कल वाढत नसते."

हे कोणत्या डब्याविषयी म्हटलं, ते आप्पासाहेबांनी विचारलं नाही. शेवटी ऋषीचंच झालं. गिलाव्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून खोल्याखोल्यांत केबल टाकून घेतल्या. सगळ्यांची टोकं जिन्याखाली एका स्विचपाशी, म्हणजे नेटच्या तारा एकत्र जोडायच्या डब्यापाशी आणली, आणि लॅपटॉप-मोबाइलसाठी दिवाणखान्यात वायफायचा राउटर बसवला.

वास्तुशांती रविवारी. त्याआधीच्या बुधवारी, दुपारी दोनला, ऋषी जिन्याखाली मांडी घालून बसला. पुण्यात दुपारी दोनइतकी सामसूम वेळ दुसरी नाही. मध्यरात्री निदान कुत्री तरी जागी असतात. आप्पासाहेब वर घोरत होते. रस्त्यावर माणूस नव्हतं. नव्या डिस्टेंपरचा वास डोक्यात जात होता.

खोल्या पाच. केबलची टोकं सहा.

इलेक्ट्रिशियनला मनातल्या मनात एक शिवी देऊन त्यानं पाच टोकं लावली, आणि सहज म्हणून सहावंही लावलं. स्विचवरचा त्या तारेचा दिवा हिरवा झाला. आता हा दिवा उगाच लागत नाही. केबलच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी जोडलेलं असावं लागतं. ऋषी बघत राहिला. दिवा लुकलुकायला लागला... भराभर, पलीकडे कुणीतरी घाईघाईनं काहीतरी बघत असल्यासारखा.

त्यानं लॅपटॉपवर नेटला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. वर त्याचा स्वतःचा लॅपटॉप. खाली सात. सातांपैकी एकालाही नाव नाही.

डिस्टेंपरचा वास कधी गेला ते कळलं नाही. आता शेवाळाचा वास येत होता. ओल्या दगडाचा, खोल सावलीतल्या पाण्याचा. केबल शोधायचं यंत्र घेऊन ऋषी भिंतीच्या कडेकडेनं निघाला. टूं-टूं करत त्या यंत्रानं त्याला जिन्यामागे, गाळ्याला लागून असलेल्या कोऱ्या भिंतीपाशी आणून उभं केलं. ना दार, ना खिडकी. त्यानं कान लावला. आत काचेच्या बांगड्या किणकिणल्या. मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि दुसऱ्या कुणीतरी "शूऽऽ" केलं.

"ऐकू आलं व्हय तुला बी?"

ऋषी उडालाच. मागे प्रेमलाआत्या, आप्पासाहेबांची बहीण, चहाचा कप घेऊन उभी होती.

"आत्या... इथे खोली होती?"

"आधी हीर हुती," आत्या हळूच म्हणाली. "साती आसरांची, पाण्यातल्या सात देव्यांची. काठाला सात दगुड. आई दर पुनवंला हळदीकुंकू लावायची, हिरव्या बांगड्या ठेवायची. तुझ्या बापानं हीर बुजवली, दगुड बी भरावात ढकललं. वर खोली बांधली. मग वास्तूवाला म्हणाला, पाण्यावर माणूस निजवू नका. म्हणून तारवाला गेल्यावर दार लिंपलं."

"आणि हे मला कुणी सांगितलं नाही?"

"तू इचारलंस कुठं?"

ऋषीनं परत जाऊन सहावी केबल उपसली. दिवा विझला. पण एका श्वासात तेच सातजण वायफायच्या यादीत हजर झाले. सिग्नल भरपूर. ज्या भिंतीतून हाक जात नव्हती, तिच्यातून. आप्पासाहेबांचं म्हणणं खरं करणारं घरात कुणीतरी होतं तर.

"आता काय करायचं?"

"काय करायचंय? आपल्याच पोरी हायेत. नांदू दे की त्यास्नी." आत्यानं आतून सात हिरव्या बांगड्या आणल्या आणि स्विचशेजारी ओळीनं ठेवल्या. ऋषीनं केबल परत खोचली. आतून पुन्हा हसणं आलं, या खेपेला मोकळं. आणि नेट असं पळायला लागलं, की ऋषीही हसला. गाळ्यावर लावायच्या पाटीचा रंगही त्यानं त्याच दुपारी ठरवून टाकला. हिरवा.

रविवारी मांडवभर पाहुणे. आप्पासाहेब फेटा बांधून लोकांना खोल्याखोल्यांतून नेट दाखवत फिरत होते, जणू शेतात त्यांनीच पेरलं होतं. जिन्याखाली येऊन त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"हे बिननावाचे सात कोण?"

"असू द्या, आप्पा."

"असू द्या? शेजारचे फुकटे हायेत!" सहावी केबल त्यांच्या नजरेला पडली. "पाच खोल्यांना सहा तारा? त्ये बघ, हितनंच चोरत्यात!" त्यांनी कनवटीचा अडकित्ता काढला.

"आप्पा, नका... आत्याला विचारा आधी..."

"बायकांना काय इचारायचं?"

कट्. सुपारी फुटावी तसा आवाज झाला.

स्विचचे सगळे दिवे एकदम गेले. पाचही खोल्यांतलं नेट बंद. पाहुण्यांत कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं, कारण स्विचशेजारच्या बांगड्या एकेक करून तडकत होत्या. सात वेळा. मग गाळ्यातून आवाज आला... फरशीखालून कुणी घडा बुडवावा तसा. दार उघडलं तर घोटाभर पाणी. स्वच्छ, गार, गोड. तीन दिवस पंप चालवला. पाणी बोटभरही उतरलं नाही, वाढलं.

"तुझ्या तारांनी केलं हे," आप्पासाहेब म्हणाले. चारचौघांसमोर. पुरात उभं राहून.

ऋषी कॉलेजात गेला नाही. तपकीर गल्लीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लागला आणि लोकांच्या घरी राउटर बसवत फिरायला लागला. परवा कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर एक काम केलं. घरात नवरा-बायको दोघंच. नवीन राउटर लावून यादी उघडली, तर वर त्या दोघांचे मोबाइल आणि खाली सात.

"अहो, जिन्यात पाणी कुणी सांडलं?" बाई दारातून म्हणाल्या.

सांडलेलं नव्हतं. लहान लहान ओली पावलं होती. सगळी ऋषीच्या मागोमाग वर आलेली. खाली गेलेलं एकही नव्हतं.

गाळा गेला. आज त्यात कंबरभर पाणी आहे.