चवीचा वाडगा

दुआन काका अंगणात कोसळले तेव्हा जेवणं नुकतीच आटोपली होती. ओठ पांढरेफटक, हात गार, नाडी अडखळणारी. "तोंड... बधिर," एवढंच ते बोलले.

त्यांची पुतणी युझेन, तिने लगेच ओळखलं. घरात त्या दिवशी बचनाग शिजला होता.

थंडी पडली की सगळं गाव डुकराच्या पायांबरोबर बचनागाची मुळं शिजवतं. मग हिवाळाभर सांधे आखडत नाहीत. दुआन काका तर गावचे वैद्य. त्यांच्या बचनागाने कित्येक म्हाताऱ्या पुन्हा डोंगर चढू लागल्या होत्या. युझेनला त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं, "औषध की विष, ते चूल ठरवते, पोरी." नीट उकळला तर विष मोडतं, कच्चा राहिला तर काळजाचा ठोका चुकतो. त्याच वाक्यापायी युझेन रसायनशास्त्र शिकली आणि जिल्ह्याच्या इस्पितळात विषतपासणी करू लागली.

दुसऱ्या सकाळी काका इस्पितळात बेशुद्ध होते आणि इन्स्पेक्टर झाओ त्यांच्या स्वयंपाकघरात.

"उकळत्या भांड्यात गार पाणी कुणी ओतलं?"

"कुणी नाही," काकांची सून लानश्यांग म्हणाली. "साहेब, मी काय काल लग्न होऊन आले?"

"गुआंगपिंगने पाहिलंय."

गुआंगपिंग काकांचा शिष्य. पोरवयात या घरात आला तो इथलाच झाला. युझेन त्याला दादा म्हणायची.

"वहिनी, मला खोटं बोलवत नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "पाणी आटलं होतं. तुम्ही रांजणातलं तांब्याभर ओतलंत."

"जीभ झडेल तुझी! माझ्याच भांड्यातले दोन वाडगे ओरपलेस ना? तेव्हा नाही दिसलं गार पाणी?"

"भांडण नको," झाओ म्हणाले. "गार पाण्याने कच्चं राहिलं. पहिला वाडगा म्हाताऱ्याने खाल्ला, मग भांडं आणखी उकळलं, म्हणून बाकीचे वाचले. ते गेले तर बाई, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

लानश्यांगने पदराशी चाळा करावा तसा हातातलं फडकं पिळलं. तिचा नवरा दूर शहरात कामाला. तिच्या बाजूने बोलायला युझेनखेरीज कुणी नव्हतं.

"वहिनी, काकांनी चवीचा वाडगा पुरा संपवला होता?" युझेनने विचारलं. भांडं उघडलं की घरातलं वडील माणूस आधी एकटं चव घेतं. जीभ झिणझिणली नाही, तरच बाकीच्यांनी वाडगे पुढे करायचे.

"अर्धाच. उरलेला मी खाल्ला. बचनागाच्या दिवशीचं टाकत नाहीत."

"मग तुला काही झालं?"

"झालं ना. एवढी भांडी बघून डोकं उठलं."

झाओंना हसू आलं, पण पटलं नाही. "एकाला बाधतं, एकाला पचतं."

"बरं. पण ज्या जिभेने आख्ख्या खोऱ्याचा बचनाग पारखला, ती काल गप्प का बसली?"

झाओंनी वही मिटली.

बाहेर भिंतीवर काकांच्या औषधाच्या दुकानातल्या बरण्या उपड्या वाळत होत्या. बचनागाच्या. काल सकाळीच काका म्हणाले होते, पलीकडच्या वाडीतल्या म्हातारीचे ओठ आपल्या औषधाने बधिर झाले, उद्या बरण्या तपासू.

"दादा, यातला माल?"

"उंदीर लागले गं. फेकला ओढ्यात."

इस्पितळात नर्सने काकांचा कोट तिच्या हातात दिला. खिशात मूठभर तळलेले शेंगदाणे होते. आवडीचं काही मिळालं की थोडं मागे ठेवायची काकांची सवयच. दाण्यांना तांबूस टरफलं चिकटली होती. तिने वास घेतला. तिरफळ.

तिने घरी फोन लावला. "वहिनी, काल घरात तिरफळ होतं?"

"वेड लागलं का? बचनागाच्या दिवशी तिरफळ? जीभ तिरफळाने झिणझिणली की बचनागाने, कसं कळायचं? डबा सकाळीच शेजारी देऊन आले होते."

युझेन शेंगदाणे घेऊन प्रयोगशाळेत गेली. निकाल हातात येताच तिने झाओंना बोलावून घेतलं.

संध्याकाळी काकांना शुद्ध आली. ती झाओंना घेऊन खोलीत शिरली. गुआंगपिंग उशाशी बसून काकांना पेज भरवत होता.

"दादा, तो चमचा खाली ठेव."

"का गं?"

"भांडं नीट शिजलं होतं. वहिनीने काकांचाच वाडगा संपवला, तिला काही झालं नाही. गार पाणी पाहिल्याचं तू म्हणतोस. पाहिलं असतंस, तर बचनाग कोळून प्यायलेला तू दोन वाडगे खाल्ले असतेस? भांडं चांगलं आहे हे तुला ठाऊक होतं. विष शेंगदाण्यांवर होतं. कच्च्या बचनागाची पूड, वर तिरफळ. आणि बचनागाच्या दिवशी बचनाग बाधला, तर सगळे भांड्याकडेच बघणार."

"पण कशासाठी?" झाओंनी विचारलं.

"बरण्यांसाठी. दुकानातला बचनाग हा तयार करायचा. भिजवणं, उकळणं, सगळ्यात घाई. म्हातारीचे ओठ त्यानेच बधिर झाले. आज बरण्या उघडल्या असत्या, तर त्याला हे घर सोडावं लागलं असतं."

"कुणीही दिले असतील शेंगदाणे," गुआंगपिंग पुटपुटला. "काका, सांगा ना हिला."

काकांनी त्याच्याकडे मान वळवली.

"बचनागाच्या दिवशी चव घेईपर्यंत मी पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. तुझ्या हातचे म्हणून खाल्ले." त्यांना धाप लागली. "जीभ झिणझिणली होती रे. मी विचारलं तुला. तू हसलास, म्हणालास, तिरफळ आहे, काका, बाकी काही नाही. मग वाडग्याची चव मला कळलीच नाही. तरी साऱ्या घराला म्हटलं, खा."

गुआंगपिंगच्या हातातली पेज सांडली. पुसायला कुणीच उठलं नाही.

"जन्मभर जिभेचं ऐकलं," काका म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली. "काल तुझं ऐकलं."