हवेचं भाडं

"वजन बावीस किलो," काट्याकडे पाहत तो म्हणाला, "पण भाडं चाळीसचं लागंल."

"काऊन?"

"तुमच्या पोत्यात दोर कमी अन् हवाच जास्त हाये, मॅडम."

अहेरीच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात संघप्रिया पहिल्यांदाच आली होती. पोत्याची लांबी-रुंदी टेपनं मोजणारा हा बुकिंगवाला – टेबलावरच्या पाटीवर नाव होतं लोकेश – थट्टा करतोय की काय, तिला कळेना. मग त्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. वजनापेक्षा जागा जास्त खाणारा तो फुगीर माल. त्याचा वर्ग वेगळा, भाडं जास्त.

"गुंडाळ्या सोडा अन् दोर घट्ट रचून आणा. साध्या वर्गात बसवून देतो."

"त्या सोडणार नाई मी."

"मंग हवेचं भाडं भरा."

"हवा तुमच्याच ऑफिसातली भरली असंल!"

तो हसला. तिला मात्र हसता आलं नाही.

अंबाडीच्या वाखाचे दोर वळणारे तिचे बाबा, रामाजी, दिवाळीनंतर गेले होते. वरोऱ्याच्या एका गोठेवाल्याला त्यांनी शब्द दिला होता – अठरा दोर, अठरा सुतळीचे गुंडे. दोर त्यांनी स्वतः गुंडाळले होते, मधे ओंजळभर पोकळी ठेवून. भाडं गोठेवालाच देणार होता, पण वाढीव भाडं असलं तर माल परत पाठवीन, असं त्यानं फोनवर बजावलं होतं. बाबांचा शेवटचा माल परत यायला नको होता. आणि त्यांच्या हातची गुंडाळी मोडायलाही नको होती.

"कोणी गुंडाळले?" लोकेशनं एका दोरावरून बोट फिरवत विचारलं.

"बाबांनी. आता… नाहीत ते. सुतळीचे गुंडे अजून घरीच हायेत, तेबी पाठवाचे हायेत."

त्यानं पेनाला टोपण लावलं. "मंग नका सोडू. परवा या. पाहतो काई तरी."

परवा ती गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता. किती दिवसांनी तिनं मान वर करून पाहिलं.

"चंद्रपूरच्या मोठ्या ऑफिसले फोन लावला," लोकेश उठूनच उभा राहिला. "दोर अन् सुतळी एकाच वर्गात येते. एका पोत्यात चालते. सुतळीचे गुंडे दोराच्या पोटात बसवू – हवा गेली! तीनदा विचारून घेतलं."

"एकदा विचारून समजलं नाई?"

"समजलं ना. पण आजपर्यंत टाइम कसा काढला असता मंग…?"

संघप्रियानं घाईघाईनं पोत्याचं तोंड उघडलं.

दुपारी तिनं घरून गुंडे आणले. दोघं जमिनीवर बसून एकेक गुंडा पोकळीत बसवू लागले. सतरा बसले. अठराव्याला लोकेशनं जरा जोर केला… आणि गाठ निसटली. सगळा दोर सळसळत फरशीवर पसरला.

ती पाहतच राहिली. लोकेशचा चेहरा उतरला.

"माझ्यानं… माफ करा."

तिनं दोराचं एक टोक उचललं, दुसरं त्याच्या हातात दिलं. "भिंतीपाशी जा. ताण धरा, पण ओढू नका."

अंगणात बाबा गुंडाळायचे तेव्हा ते दुसरं टोक तिच्याच हातात असायचं. आज तिचा अंगठा, तिचं कोपर – वेढा आपोआप पडत गेला, बाबांच्यासारखाच. एकेका वेढ्यासरशी लोकेश पाऊलभर जवळ येत होता. वाखाचा कोरडा, उन्हासारखा वास. सातवं पाऊल. नववं. मग दोर संपला, आणि दोघांमध्ये वीतभर अंतर उरलं.

"आता?" त्यानं हळूच विचारलं.

"आता गाठ मारायची. तुमचं टोक माझ्या टोकाखालून घ्या."

त्यानं टोक जपून खालून घेतलं. गाठ नीट बसली, अठरावा गुंडाही पोकळीत गेला.

पोतं काट्यावर चढलं. एकोणचाळीस.

"अजून एक किलो कमी हाये," ती म्हणाली.

"तेवढी हवा माझ्याकडून," म्हणत त्यानं बिल्टीच्या पावतीवर साधा वर्ग लिहिला. मग पेन तसंच धरून… "रविवारी मुलचेऱ्याले येऊ का? तुमच्या घरी?"

"बुकिंग घ्याले?"

"नाई. तुमाले पाहाले."

ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"या. आईले सांगून ठेवते," ती म्हणाली, "अन् मॅडम नका म्हणू. संघप्रिया म्हणा."